चुना साठवणारी हिरवी समुद्रशैवले : वाढ खरी, पण कार्बनसाठा कितपत खरा?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

कार्बन साठवणाऱ्या सागरी परिसंस्थांचा विषय निघाला की आपल्याकडे खारफुटी आणि समुद्रगवत या दोनच नावांवर चर्चा थांबते. माझे मत असे आहे की या यादीत एक महत्त्वाचा गट राहून जातो, तो म्हणजे अंगात चुना धरणारी हिरवी समुद्रशैवले. त्यांतले सर्वांत ठळक नाव हलिमेडा. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात वाढणाऱ्या या शैवलाच्या वाळलेल्या वजनापैकी साधारण ७० ते ९० टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पान कुजते, लाकूड जळते, खारफुटीखालचा चिखल उकरला तर त्यातला कार्बनही पुन्हा हवेत जातो. चुनखडी मात्र हजारो वर्षे जागच्या जागी राहते. मग अशा शैवलांच्या वाढीला कार्बनसाठ्याच्या हिशेबात मानाचे स्थान का नसावे?

आमच्या वाचनालयाच्या विज्ञानमंडळासाठी मी या विषयावर एक टिपण तयार करीत आहे. बडोद्यात बसून समुद्रावर लिहिणे काहींना विचित्र वाटेल, परंतु द्वारकेजवळचे ओखामंडळ एके काळी बडोदा संस्थानाचाच भाग होते, तेव्हा समुद्राशी आपला संबंध नाही असे कोणी म्हणू नये. जाणकारांनी वाढीचा वेग, चुना बनण्याची प्रक्रिया आणि कार्बनचा हिशेब या तिन्हींवर लिहावे, अशी विनंती.

खारे_वारे

विषय चांगला निवडला आहे. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात याच गटावर थोडे काम केले होते, म्हणून आधी वाढीविषयी लिहिते. हिशेबाचे रसायनतज्ज्ञांनी पाहावे.

हलिमेडा दिसायला फड्या निवडुंगासारखे असते. चपट्या हिरव्या चकत्या एकाला एक जोडून त्यांच्या शाखा तयार होतात. लिनियसने १७५८ मध्ये याची एक जाती कोरॅलिना या प्रजातीत घातली होती आणि तिची गणना प्राणीसदृश जीवांमध्ये केली होती. हलिमेडा ही स्वतंत्र प्रजाती लामूरूने १८१२ मध्ये मांडली. हाताला दगडासारखे लागणारे हे शैवल पाहिले की लिनियसला दोष द्यावासा वाटत नाही.

खरे नवल आत आहे. संपूर्ण शैवल ही आडव्या भिंती नसलेली, असंख्य केंद्रके असलेली एकच अवाढव्य पेशी असते. एकमेकांत गुंतलेल्या नळ्यांचे जाळे आणि त्यातून अखंड वाहणारा पेशीरस, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे साधनसामग्री एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलवणे त्याला सहज जमते. नवी चकती बहुधा रात्री फुटते आणि तेव्हा ती पांढरीफटक असते, कारण तिच्यात हरितलवके (प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे कण) आलेली नसतात; पहाट होण्याच्या सुमारास जुन्या चकत्यांतील हरितलवके नळ्यांतून तिच्यात सरकतात आणि ती हिरवी होते. दिवसा चरणारे मासे झोपलेले असताना कोवळा भाग वाढवायचा आणि त्यात मासे टाळतील अशी कडू रसायने भरून ठेवायची, असा या रात्रीच्या वाढीचा अर्थ काही संशोधकांनी १९८८ मध्ये मांडला. चुना मात्र लगेच धरत नाही. चकती फुटल्यानंतर साधारण ३६ तासांनी तिच्यात अ‍ॅरागोनाइटच्या सूक्ष्म सुया दिसू लागतात. अ‍ॅरागोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचेच एक स्फटिकरूप आहे आणि ते कॅल्साइटपेक्षा अधिक विरघळणारे असते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

हा चुना पेशीच्या आत तयार होत नाही. नळ्यांची फुगीर टोके पृष्ठभागावर एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामागे बंदिस्त पोकळी तयार होते. दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी त्या पोकळीतल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड ओढला जातो, पाण्याची आम्लता घटते आणि तिथेच सुया जमू लागतात. म्हणजे चुना शैवलाच्या आत, पण पेशीच्या बाहेर.

शंकासुर

संपूर्ण झाड एकच पेशी असेल तर जनगणनेत त्याची नोंद कशी करावी, याचेही मार्गदर्शन व्हावे.

रसायनवाला

खारे_वारे यांनी प्रक्रिया नेमकी लिहिली आहे, म्हणून थेट धागाकर्त्यांच्या मूळ दाव्याकडे वळतो. चुन्यात कार्बन आहे हे खरेच आहे. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनाच्या १२ टक्के कार्बनच असतो. परंतु हा कार्बन कुठून आला, हे पाहिल्याशिवाय त्याला ‘साठा’ म्हणता येणार नाही.

समुद्राच्या पाण्यात विरघळलेला अजैव कार्बन मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात असतो. चुना बनताना कॅल्शियमचा एक आयन बायकार्बोनेटच्या दोन आयनांशी संयोग पावतो. त्या दोन कार्बन अणूंपैकी एक चुन्यात जातो आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड म्हणून मोकळा होतो. समुद्राचे पाणी आम्लतेतील बदल काही प्रमाणात सावरून घेत असल्यामुळे हा सगळा वायू हवेत जात नाही. ढोबळमानाने चुन्याच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ०.६ रेणू पाण्यातून हवेकडे जाऊ पाहतात, असा हिशेब १९९२ मध्ये मांडला गेला आणि तो आजही वापरला जातो. सारांश, चुना जितका अधिक, तितका वायू अधिक. चुनखडीच्या वजनाला १२ टक्क्यांनी गुणून ‘इतका कार्बन हवेतून काढला’ असे लिहिणे म्हणजे खर्चाची रक्कम जमेच्या रकान्यात मांडणे होय.

दांडियाबाजारकर

रसायनवाला, समीकरण मान्य आहे, तरी दोन शंका उरतात. एक, मोकळा झालेला वायू त्याच शैवलाच्या शेजारी, त्याच बंदिस्त पोकळीत तयार होतो. तो तिथल्या तिथे प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जात असेल तर हवेत जाण्याचा प्रश्न कुठे येतो? दोन, पृथ्वीच्या कवचातील कार्बनचा सर्वांत मोठा साठा चुनखडीच्याच खडकांत आहे, असे भूशास्त्राची पुस्तके सांगतात. चुना बनल्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो असे मानले, तर एवढ्या प्रचंड प्रमाणात चुनखडी तयार होऊनही पृथ्वी शुक्रासारखी तापली कशी नाही?

पावागड_पायथा

दुसऱ्या शंकेचे उत्तर आपल्या दारातच आहे, म्हणून ते मी देतो.

पावागड डोंगर दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचा आहे. असे सिलिकेट खडक पावसात झिजतात तेव्हा पावसाच्या पाण्यातला, म्हणजे अंतिमतः हवेतला, कार्बन डायऑक्साइड त्यांच्याशी अभिक्रिया करून बायकार्बोनेट बनतो आणि खडकातला कॅल्शियम मोकळा होतो. नर्मदा, तापी, मही या नद्या हे दोन्ही घटक समुद्रात नेतात. एका कॅल्शियममागे हवेतले दोन रेणू पकडले जातात. समुद्रात चुना बनताना त्यांतला एक परत सुटतो आणि एक कायमचा खडकात बंद होतो. म्हणून लाखो वर्षांच्या मापाने पाहिले तर चुनखडी हा खरोखरच कार्बनचा साठा आहे. मात्र हवेतला वायू पकडण्याचे काम खडकांच्या झिजेने केलेले असते. शैवल, प्रवाळ किंवा शिंपले केवळ त्या व्यवहाराचा शेवटचा टप्पा पार पाडतात आणि त्या टप्प्यात वायू सुटतोच. पुढच्या ५० किंवा १०० वर्षांच्या हवामानासाठी हिशेब मांडायचा असेल, तर लाखो वर्षांची झीज त्या शैवलाच्या नावावर टाकता येत नाही.

शुक्रावर पाणी टिकले नाही, त्यामुळे ही झीज आणि हा चुना दोन्ही थांबले आणि तिथला कार्बन हवेतच राहिला. आपण काढलेले उदाहरण चांगले आहे, पण ते शैवलाच्या बाजूने साक्ष देत नाही.

मांडवीकर

एवढी गंभीर चर्चा चालू असताना विचारावे की नाही कळत नाही, पण हे शैवल खाता येते का? विणकाम मंडळातल्या एका ताईंनी परदेशात हिरव्या द्राक्षांसारखे दिसणारे समुद्रशैवल खाल्ल्याचे सांगितले होते.

खारे_वारे

मांडवीकर काकू, त्या ताईंनी खाल्ले ते कॉलेर्पा असणार. हलिमेडाच्याच गणातले, एकपेशीय रचनेचे, पण चुना न धरणारे. हलिमेडा खायला घेतले तर दातांखाली वाळू आणि जिभेवर कडवटपणा, एवढाच लाभ होईल. पोपटमासे ते खातात, परंतु त्यांची चोच त्यासाठीच घडलेली आहे.

काचपेटी

मी अनेक वर्षे खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी सांभाळतो आणि तिच्यात हलिमेडा ठेवतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्याचा खर्च सांगितला तर धाग्याचा विषय बदलेल, म्हणून तो सांगत नाही. वाढीविषयी खारे_वारे यांनी लिहिलेले मी प्रत्यक्ष पाहिले आहे. रात्री दिवे बंद करताना जिथे काही नव्हते तिथे सकाळी नवी फिकट चकती असते.

या शैवलाला चुना लागतो म्हणजे काय, हे पेटीत फार लवकर कळते. शैवल जोमाने वाढू लागले की पाण्यातला कॅल्शियम आणि पाण्याची क्षारता (आम्लाला सावरून घेण्याची क्षमता) दोन्ही खाली येतात आणि बाहेरून मात्रा देऊन ती भरून काढावी लागते. समुद्रात ही घट जाणवत नाही, कारण तिथे साठा अफाट आहे. पेटीत काही दिवसांतच चाचणीच्या कुपीत रंग बदलतो. रसायनवाला यांचे समीकरण माझ्यासाठी दर महिन्याच्या किराणा यादीत उतरलेले आहे.

मत्स्यपेटीवाल्यांना या शैवलाची एक भीतीही असते. एखाद्या सकाळी संपूर्ण शैवल पांढरे पडलेले आणि पाणी हिरवट-दुधी झालेले आढळते. हा आजार नसून पुनरुत्पादन आहे, असे पुष्कळ नंतर वाचले. यावर कोणी शास्त्रीय माहिती देऊ शकेल का?

खारे_वारे

काचपेटी, आपण पाहिले ते अगदी तसेच समुद्रात घडते. प्रजननाच्या वेळी शैवलाचा सगळा सजीव अंश युग्मकांमध्ये (प्रजननपेशींमध्ये) रूपांतरित होतो, पहाटे ती युग्मके पाण्यात सोडली जातात आणि मागे केवळ चुन्याचा पांढरा सांगाडा उरतो. पनामाच्या किनाऱ्यावरील प्रवाळभित्तींवर अनेक जाती ठरावीक पहाटे, प्रत्येक जाती आपापल्या वेळेला, एकत्रितपणे असे करतात, हे केनेथ क्लिफ्टन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर सांगाडा विखुरतो, चकत्या सुट्या होतात आणि वाळूत मिसळतात.

कार्बनच्या दृष्टीने हा प्रसंग महत्त्वाचा आहे, कारण एका रात्रीत सेंद्रिय कार्बन आणि अजैव कार्बन यांच्या वाटा वेगळ्या होतात. चुना तळाशी राहतो. सेंद्रिय भाग पाण्यात जातो आणि त्यातला बहुतेक खाल्ला किंवा कुजवला जातो. त्यामुळे ‘शैवलात इतका कार्बन आहे’ या एका आकड्यात दोन संपूर्ण वेगळ्या भवितव्यांची बेरीज झालेली असते.

वाढ मोजण्याची पद्धतही सांगून ठेवते. शैवल काही काळ अ‍ॅलिझरिन रेड या रंगात ठेवतात. त्या वेळी अस्तित्वात असलेल्या चकत्यांचा चुना रंग धरतो. नंतर फुटलेल्या चकत्या बिनरंगाच्या राहतात. ठरलेल्या दिवसांनी शैवल काढून रंगहीन चकत्या मोजायच्या, वाळवायच्या, वजन करायच्या, मग सौम्य आम्लात चुना विरघळवून उरलेल्या सेंद्रिय भागाचे वजन घ्यायचे. पद्धत साधी आहे, पण डोळे मोडतात.

रसायनवाला

मग आता आकडे मांडूच. ग्रेट बॅरिअर रीफच्या मध्यभागात हलिमेडाच्या दाट वाढीतून वर्षाला दर चौरस मीटरमागे सुमारे दोन किलो चुना तयार होतो, असे मापन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. हे दोन किलो आधाराला घेतो.

दोन किलो चुन्यात २४० ग्रॅम कार्बन. ०.६ च्या गुणोत्तराने मोकळा होणारा कार्बन १४४ ग्रॅम. आता सेंद्रिय बाजू. शैवलाच्या वाळल्या वजनात चुना ८० टक्के धरला, तर दोन किलो चुन्याबरोबर अर्धा किलो इतर पदार्थ असतो. त्यात ३५ टक्के कार्बन गृहीत धरला, तर तो १७५ ग्रॅम भरतो. म्हणजे जमा १७५, खर्च १४४. चुना ९० टक्के धरला तर इतर पदार्थ सुमारे २२२ ग्रॅम, त्यातला कार्बन ७८ ग्रॅम, आणि हिशेब तुटीत जातो. चुना ७० टक्के धरला तर सेंद्रिय कार्बन ३०० ग्रॅम होतो आणि शिल्लक चांगली दिसते. धागाकर्त्यांच्या पहिल्या शंकेचे उत्तरही यातच आहे. मोकळा झालेला वायू शैवलाने तिथेच वापरला तरी तो जमेच्या बाजूला सेंद्रिय कार्बन म्हणून आधीच मोजला गेला आहे. त्याला दुसऱ्यांदा मोजता येत नाही. आणि ही शिल्लक सेंद्रिय भाग मुळीच कुजला नाही असे धरून काढलेली आहे.

गंमत अशी की, शैवल जितके अधिक चुनखडीमय, तितका हवामानाच्या हिशेबात त्याचा लाभ कमी. धागाकर्त्यांनी ज्या गुणामुळे त्याला वरचे स्थान द्यायचे म्हटले, तोच गुण आड येतो.

शंकासुर

बडोद्याचा माणूस हिशेब मांडायला बसला की समुद्रसुद्धा ताळेबंद सादर करतो.

विश्वामित्रीकाठ

रसायनवाला यांचा हिशेब नीटनेटका आहे, आणि माझी अडचण त्या नीटनेटकेपणाशीच आहे. त्यात तीन ठिकाणी प्रत्यक्ष समुद्र वेगळा वागतो.

पहिली गोष्ट, तयार झालेला सगळा चुना टिकत नाही. वाळूच्या थरात सेंद्रिय पदार्थ कुजताना तिथल्या पाण्याची आम्लता वाढते आणि अ‍ॅरागोनाइटच्या सुया विरघळू लागतात. खारे_वारे यांनी वर सांगितलेला विद्राव्यतेचा मुद्दा इथे लागू होतो. चुना विरघळताना अभिक्रिया उलट दिशेने जाते, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वापरला जातो आणि पाण्याची क्षारता वाढते. जितका चुना विरघळला, तितका खर्च परत जमा झाला. म्हणून मोजायला हवा तो निव्वळ चुना, एकूण चुना नव्हे.

दुसरी गोष्ट, जिवंत शैवल आपण पकडलेल्या कार्बनचा काही भाग विरघळलेल्या सेंद्रिय रूपात सतत पाण्यात सोडत असते. वाळवून वजन करण्याच्या पद्धतीत हा भाग सापडतच नाही.

तिसरी गोष्ट साठवणीच्या जागेची. खारफुटीत कार्बन जिथे पकडला जातो तिथेच चिखलात पुरला जातो. समुद्रशैवलांचे तसे नाही. क्राउझे-येन्सेन आणि दुआर्ते यांनी २०१६ मध्ये सर्व मोठ्या समुद्रशैवलांसाठी मिळून वर्षाला सुमारे १७.३ कोटी टन कार्बन दीर्घकाळ साठवला जात असावा असा अंदाज मांडला. त्याची मर्यादा त्यांनीच ६.१ ते २६.८ कोटी टन अशी मोठी ठेवली आहे, आणि त्यातला बहुतांश भाग किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात वाहून गेल्यावर साठतो असे म्हटले आहे. हलिमेडासारखे जड, चुनखडीमय शैवल तरंगत खोल समुद्राकडे जाईल, ही अपेक्षा ठेवता येत नाही. ते मेले की तिथेच पडते. त्यामुळे तो सरासरी आकडा उचलून हलिमेडाला लावू नये, असे मला वाटते.

दांडियाबाजारकर

विश्वामित्रीकाठ, ‘तिथेच पडते’ हा तर माझ्या बाजूचा मुद्दा झाला. हलिमेडाच्या चकत्या थरावर थर जमत जातात आणि चकतीच्या आत अडकलेला थोडा सेंद्रिय अंशही त्यांच्याबरोबर पुरला जातो. असे मोठे थर कुठे प्रत्यक्ष सापडले आहेत का, आणि आपल्या किनाऱ्यावर त्यांची शक्यता किती?

ओखामंडळ

किनाऱ्याबद्दल मी लिहितो, कारण आमचे मूळ घर तिकडचे.

सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल यांच्याकडून ओखामंडळाच्या सागरी जीवांचे सर्वेक्षण करून घेतले होते. त्या अहवालाचे भाग १९०९ आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराजांचा हेतू मोती, शिंपले आणि मासेमारी यांतून उत्पन्न वाढवण्याचा होता, तरीही त्यानिमित्ताने हा किनारा शास्त्रीय नकाशावर आला. पुढे १९२७-२८ मध्ये भारतात आलेले डॅनिश शैवलतज्ज्ञ बोर्गेसेन यांनी पश्चिम किनाऱ्यावरील शैवलांचा अभ्यास केला. ओखा-द्वारकेच्या शैवलयाद्यांत हलिमेडा ट्यूना आणि त्याचे नातलग असलेले उडोटिया इंडिका ही नावे आढळतात.

परंतु नाव यादीत असणे आणि गालिचा पसरलेला असणे यांत अंतर आहे. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे, गाळ सतत ढवळला जातो, पाणी गढूळ असते. स्वच्छ प्रकाश मागणाऱ्या या शैवलासाठी ती आदर्श जागा म्हणता येणार नाही. ओहोटीच्या वेळी खडकांच्या डबक्यांत एखादा झुपका दिसतो, इतकेच. लक्षद्वीप किंवा मन्नारच्या आखाताशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

आणखी एक विनंती. हा धागा वाचून कोणी नरारा किंवा पिरोटन येथे जाऊन नमुने गोळा करू नयेत. तो भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून काहीही उचलण्यास मनाई आहे. पाहावे, छायाचित्र काढावे, वनखात्याच्या वाटाड्याचे ऐकावे.

पावागड_पायथा

ओखामंडळ यांनी आजच्या किनाऱ्याबद्दल लिहिलेले पटते, पण ‘आपल्याकडे थर नाहीत’ असा निष्कर्ष काढण्याआधी थोडे खोल जावे लागेल.

सौराष्ट्र आणि मुंबईच्या पश्चिमेला, खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) बाहेरच्या कडेकडे ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचा एक विस्तीर्ण सपाट चुनखडी मंच पाण्याखाली आहे. ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९४ मध्ये तेथील हलिमेडाच्या टेकड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. बर्फ वितळून पाणी चढू लागले त्या काळात हा मंच उथळ, प्रकाशित समुद्राचा तळ होता आणि तिथे हलिमेडाची वाढ जोरात होती. आज त्या टेकड्या मृत अवशेष आहेत. पातळी वर गेली, प्रकाश घटला, परिस्थिती बदलली आणि वाढ थांबली.

जिवंत थर पाहायचे तर ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागाकडे जावे लागेल. तिथे प्रवाळभित्तींच्या मागच्या बाजूला हलिमेडाच्या चकत्यांनी रचलेली कंकणाकृती उठावांची भूमी आहे. एकेक कंकण २०० ते ३०० मीटर व्यासाचे, मधला खळगा १० मीटरपर्यंत खोल. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने विमानातून लेसर किरणांनी केलेल्या मापनाच्या आधारे २०१६ मध्ये त्याचा विस्तार ६,००० चौरस किलोमीटरहून अधिक असल्याचे जाहीर झाले, म्हणजे पूर्वीच्या अंदाजाच्या सुमारे तिप्पट. भित्तींमधल्या अरुंद वाटांतून भरतीबरोबर खालचे थंड, पोषकद्रव्ययुक्त पाणी वेगाने आत येते आणि हलिमेडाला खतपाणी मिळते, असे त्याचे कारण दिले जाते.

आणि केवळ हलिमेडाच का? फ्लोरिडा उपसागरातील बारीक पांढऱ्या चिखलाचा बराच भाग पेनिसिलस या दुसऱ्या चुनखडीमय हिरव्या शैवलाच्या सुया सुट्या होऊन बनत असावा, हे १९६७ मध्ये दाखवले गेले. बहामातील अबाको उपसागरात तर ही शैवले तिथल्या तळात मावेल त्यापेक्षा अधिक चिखल तयार करतात आणि उरलेला बाहेर वाहून जातो, असा हिशेब १९७५ मध्ये निघाला. वाळू आणि चिखल पुरवणारा कारखाना म्हणून या शैवलांचे स्थान वादातीत आहे. माझ्या मते टिपणाचा भर तिथे असावा. बेटे, पुळणी आणि सरोवरांचे तळ या शैवलांनी घडवले आहेत. समुद्राची पातळी वाढत असताना सखल बेटांना वाळूचा पुरवठा चालू राहणे ही छोटी गोष्ट नाही. तुवालूतील फुनाफुटी बेटावर १८९६ ते १८९८ या काळात रॉयल सोसायटीने विंधणे केली, तेव्हाही प्रवाळाच्या जोडीने हलिमेडाचे अवशेष विपुल मिळाले होते.

शंकासुर

थोडक्यात, मुंबईपलीकडे ९१ मीटर पाण्याखाली आपली मोठी ठेव आहे आणि ती अक्षरशः बुडीत खात्यात आहे.

अर्धविराम

मी इथे बहुधा वाचतच असते, पण एक प्रश्न राहवत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे समुद्राची आम्लता वाढत आहे, असे सगळीकडे वाचायला मिळते. अ‍ॅरागोनाइट अधिक विद्राव्य असेल तर ही शैवले यातून तगतील का? ती तगली नाहीत तर जमाखर्चाचा वादच निरर्थक ठरेल.

खारे_वारे

अर्धविराम, प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर जातीजातीनुसार बदलते. प्रयोगशाळेतील टाक्यांत पाण्याची आम्लता वाढवल्यावर काही जातींमध्ये चुना धरण्याचा वेग घटला, काहींमध्ये फरक अल्प दिसला. दुसरीकडे, पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड नैसर्गिकरीत्या बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. तिथे हलिमेडाच्या जाती टिकून वाढत असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसा त्या बंदिस्त पोकळीतील आम्लता शैवल स्वतः प्रकाशसंश्लेषणाने खाली आणू शकते, ही त्याची जमेची बाजू आहे. रात्री ते संरक्षण नसते. त्यामुळे जिवंत शैवल तगले तरी सुट्या झालेल्या चकत्या आणि वाळूचे थर मात्र अधिक वेगाने झिजू शकतात.

काचपेटी

याला माझ्या पेटीचा छोटा दुजोरा. पहाटे, दिवे लागण्यापूर्वी पाण्याची आम्लता सर्वांत जास्त असते आणि संध्याकाळी सर्वांत कमी. त्यामुळे मोजणी नेहमी एकाच वेळी करतो. सकाळचा आकडा एकाने आणि संध्याकाळचा दुसऱ्याने सांगितला तर दोघांचे भांडण ठरलेलेच.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. आता माझा मूळ प्रश्न अधिक नेमका करून विचारतो. उद्या एखाद्या संस्थेने ‘हलिमेडा लावा, कार्बन क्रेडिट (साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणारे, विकता येणारे प्रमाणपत्र) मिळवा’ अशी योजना आणली, तर तिच्याकडे कोणते आकडे मागावेत? मला अजूनही वाटते की काही ठिकाणी, विशेषतः कमी चुना धरणाऱ्या जातींच्या बाबतीत, शिल्लक जमेची निघू शकेल. रसायनवाला यांच्याच हिशेबात ७० टक्के चुन्याला शिल्लक चांगली दिसते.

रसायनवाला

दिसते, पण सेंद्रिय भाग न कुजण्याच्या अटीवर. ती अट समुद्राने मान्य केलेली नाही.

विश्वामित्रीकाठ

दांडियाबाजारकर, योजना आली तर मी पुढील गोष्टी मागेन. एका वर्षातील एकूण चुनानिर्मिती आणि त्याच जागेवरील तळाच्या वाळूतून विरघळणारा चुना, दोन्ही ऋतुमानानुसार मोजलेले. नव्या चकत्यांतील सेंद्रिय कार्बन वेगळा, आणि पुरलेल्या थरात काही दशकांनंतर उरणारा सेंद्रिय कार्बन वेगळा. यांतला दुसरा आकडा गाळाचा उभा नमुना काढून आणि थरांचे वय ठरवूनच मिळतो, त्याला पर्याय नाही. शिवाय शैवलावरील पाणी आणि हवा यांच्यामधली कार्बन डायऑक्साइडची देवघेव दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा मोजलेली हवी. काचपेटी यांनी सांगितलेला सकाळ-संध्याकाळचा फरक लक्षात घेता केवळ दुपारची मोजणी दाखवणाऱ्याला परत पाठवावे. आणि लागवडीपूर्वी त्या जागी काय होते, हेही विचारावे. समुद्रगवत काढून तिथे हलिमेडा लावले असेल तर पुढचे कागद उघडण्याचीही गरज नाही.

आपले ७० टक्क्यांचे म्हणणे मी फेटाळत नाही. मात्र ते सिद्ध करण्याची जबाबदारी योजना आणणाऱ्याची आहे, आणि दोन किलो चुन्याचे छायाचित्र हा त्याचा पुरावा होत नाही.

ओखामंडळ

त्यात एक जोडावे : परवानगी कोणाची घेतली आहे, हा कागद सर्वांत आधी मागावा.

दांडियाबाजारकर

नोंद घेतली. टिपणात वाळूनिर्मितीचा भाग पुढे आणतो, कार्बनचा भाग दोन्ही रकान्यांसह मांडतो आणि माझे ७० टक्क्यांचे म्हणणे मतभेद म्हणून शेवटी ठेवतो. पावागड_पायथा, ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’चा सर्वसामान्यांना समजेल असा आराखडा आपण काढून द्याल का? खंडमंचाचा उतार आणि हिमयुगातील पाण्याची पातळी एकाच आकृतीत आली तर बरे होईल.

पावागड_पायथा

देतो. उभे माप आडव्यापेक्षा बरेच ताणून काढावे लागेल, नाहीतर उतार दिसणारच नाही. आकृतीखाली तसे स्पष्ट लिहा.